राखणदारांचे मोकळे हात

खाडीकाठच्या मिठागरात चांगुणाची आई दिवसभर मीठ ओढायची. पांढरंशुभ्र, लखलखणारं मीठ! बघणाऱ्याला हिऱ्यांची रास वाटावी. खरं काय ते तळपायांना विचारा. तिथे बायकांना लघवीला जायला आडोसा नव्हता, म्हणून त्या पाणीच पीत नसत. कंबर दुखली की दोन गोळ्या गिळायच्या आणि पुन्हा उन्हात. शहाण्या बायकांचा हा वेडा रिवाज!

एका दुपारी आई झोपडीत आडवी झाली ती उठेचना. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले आणि कालपासून लघवीचा थेंब नाही. बाबा डॉक्टरीणबाईंना आणायला पळाले. आई मरेल की काय, ही भीती चांगुणाला घरात बसू देईना. तशीच ती कळशी घेऊन केवड्याच्या बनातल्या विहिरीकडे धावली.

तिथे केवड्याच्या काट्यांत एक इवलीशी परी अडकली होती. मोरपिशी पंख, त्यावर सोनेरी ठिपके! बोटं रक्ताळली, तरी चांगुणाने हळूहळू पंख सोडवले.

"एक वर माग, बाळ," परी म्हणाली. "पण अट आहे. आधी बघायचं, मग मागायचं. मागितलेलं परत फिरत नाही."

"माझ्या आईला बरं कर ना गं!"

"चल, आधी बघू."

परीने तिला मोहरीहून बारीक केलं आणि थेट आईच्या मूत्रपिंडात नेलं. तिथे लाल लाल नदी होती आणि तिच्या काठी लाखो चिमुकल्या चाळण्या. प्रत्येक चाळणीच्या तोंडाशी एक गुलाबी राखणदार दार धरून उभा.

"नदीला पूर आला की मी दार आवळतो," एक राखणदार म्हणाला. "ओसरली की सैल सोडतो. तेव्हा माझा भाऊ पलीकडचं, बाहेर जायचं दार आवळतो, म्हणजे चाळणीत जोर टिकतो. आणि ती आमची बहीण पुढे बसलीय ना, ती गाळलेल्या पाण्याची चव घेते. फार खारट लागलं की ओरडते, 'हळू रे, जास्त येतंय!'"

"तुम्हाला हुकूम कोण देतं?"

"कुणी नाही. आमचं आम्हाला कळतं."

"मग आज दार बंद का?"

राखणदार ओशाळला. "नदी आटलीय, पोरी. दार सैल करायला हवं, पण त्या गोळ्यांनी माझे हात आखडलेत."

सगळी दारं कायमची सताड उघड, असं चांगुणाच्या ओठांवर आलंच होतं. पण तिने चाळणीकडे पाहिलं. दवात भिजलेल्या कोळिष्टकासारखी नाजूक होती ती. उद्या पूर आला तर फाटूनच जाईल! चांगुणाने ओठांवरचे शब्द गिळले.

"यांचे हात मोकळे कर," ती शेवटी म्हणाली. "दार किती उघडायचं, ते यांना ठरवू दे."

परी हसली. "हात मी सोडवते. नदी भरणं मात्र तुम्हा माणसांचं काम."

पुन्हा मोठी होऊन, भरली कळशी घेऊन चांगुणा झोपडीत परतली तेव्हा डॉक्टरीणबाई आईला सलाईन लावत होत्या.

"त्या गोळ्या बंद म्हणजे बंद!" त्या बाबांवर कडाडल्या. "आणि पाणी प्यायला लावा हिला."

"उद्याच मिठागरावर नारळाच्या झापांचा आडोसा बांधतो, बाई," बाबा मान खाली घालून म्हणाले.

मग नुसती वाट बघणं. चांगुणा आईचा हात धरून बसली. उन्हं कलली तरी आई हलली नाही. आपण चुकीचं तर नाही ना मागितलं, या विचाराने चांगुणाचा जीव अर्धा झाला.

आणि आईने डोळे उघडले. "चांगू," ती कुजबुजली, "मला बाहेर ने गं. लघवीला लागलीय."

इतकं गोड बोलणं चांगुणाने जन्मात ऐकलं नव्हतं. ती हसता हसता रडायलाच लागली. दारात केवडी रंगाचा उजेड लखलखला आणि परी त्यात विरून गेली. पण तिकडे बघायला वेळ कुणाला होता? चांगुणा आईला धरून, पावलापावलाने परसात निघाली होती.