अक्रोडाची मूठ

गुण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवाल, की स्वतःची खोड सांगणाऱ्यावर? फार वर्षांपूर्वी माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात एक स्पर्धेचं पिस्तूल आलं. मूठ तडकलेली, आणि मालकीण मृणालिनीताईंची निवड-स्पर्धा महिन्यावर.

फळीवरच्या नव्या मुठींपैकी अॅल्युमिनियमची मूठ पिस्तुलाला म्हणाली, "मला घ्या, पाहुणे. झिजणार नाही, फुगणार नाही."

"आणि ताईंच्या तळव्याला घाम आला तर?" पिस्तुलानं विचारलं.

मग ते शेजारच्या अक्रोडाच्या लाकडाच्या मुठीकडे वळलं.

अक्रोडाची म्हणाली, "घाम मी पिते. पण ताईंच्या हाताप्रमाणे मला कानशीने घासावं लागेल. तोवर नेम चुकतील."

पिस्तुलानं तिलाच घेतलं. ताई रोज चुकलेल्या गोळ्या वहीत मांडत आणि तेवढीच मूठ घासत. स्पर्धेत ताईंची निवड झाली. तळव्याचा खळगा पडलेली ती काळपट मूठ आजही आठवते.

तुमच्या वहीतही चुकलेल्या गोळ्यांचा हिशेब खरा ठेवा, एवढंच मागणं.