तळ नसलेलं तळं

तळ्यांना माणसांनी अजून नावं दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्यातले मासे रोज सांजेला नजर वर लावून पूर्वजांची वाणी म्हणत, "आमच्या तळ्याला तळ नाही." म्हणून खाली पाहणं पाप होतं.

एका उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं, की त्यांतल्या एका मरळीचं पोट चिखलाला घासलं.

"कासवआजोबा, मला तळ लागला!"

"तळ नव्हे पोरी, तुझ्या मनातली शंका लागली ती," कासव म्हणालं. "वाणी कधी खोटी असते?"

मरळीनं धाकट्या बहिणीला नदीकडे चल म्हटलं. बहिणीनं नजरसुद्धा खाली केली नाही.

मरळ एकटीच ओल्या चिखलातून सरपटत नदीकडे निघाली. मागे वाणी चालूच होती. एकेक आवाज गळत गेला. शेवटी उरला तो बहिणीचा, मग तोही थांबला.

पावसाळा सरल्यावर ती परतली. तळं तुडुंब भरलं होतं. चिखलात खोल दडून जगलेलं कासव पुरासोबत आलेल्या नव्या पिल्लांना वाणी शिकवत होतं. त्यांच्या खाली तळभर मेलेल्या माशांचे काटे पसरले होते, सगळ्यांची तोंडं वर.

"आजोबा, खाली पांढरं काय आहे?" एका पिल्लानं विचारलं.

"नजर वर, बाळा," कासव मायेनं म्हणालं. "म्हण, आमच्या तळ्याला तळ नाही."