प्रिंटरआजोबांचा रुसवा

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबात गेल्या दिवाळीत, हेमलताबाईंच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टिम आली. नवरीबरोबर पाठराखीण यावी तसं तिच्याबरोबर पत्रं-पत्रिका लिहायचं नवं 'ऑफिस'ही आलं. माउस टेबलभर नाचला. कीबोर्डने खडखड टाळ्या वाजवल्या.

म्हातारा प्रिंटर तेवढा फुगून बसला. नव्या सिस्टिमने अदबीने विचारलं, "आपली ओळख?"

"ऐकलंत?" प्रिंटर माउसला म्हणाला. "या घरात मी थोरला. मी नाव सांगायचं? तिने येऊन पाया पडावं!" आणि त्याने तोंड मिटलं.

तेवढ्यात हेमलताबाई नातीच्या बारशाची पत्रिका छापायला बसल्या. पुन्हापुन्हा बटण दाबलं, पण कागद काही हलेना. "बिघडला वाटतं," त्या म्हणाल्या. "उद्या भंगारवाल्याला देऊन टाकू."

प्रिंटरची शाईच गोठली.

माउस हळूच म्हणाला, "आजोबा, नव्या नवरीला घरातली माणसं कुणीतरी सांगावी लागतात. तिला काय स्वप्न पडतं?"

प्रिंटर खाकरला. नाव, गाव, वय, सगळं एका दमात सांगून मोकळा झाला.

"अगंबाई, मामंजी तुम्ही होय!" सिस्टिम म्हणाली. "मघापासून तुमच्याच नावासाठी खोळंबले होते!"

सरसर पत्रिका बाहेर आली. हेमलताबाईंनी एक मागितली होती, आजोबांनी आनंदाच्या भरात पाच दिल्या.

पुढच्या महिन्यात घरी नवा स्कॅनर आला. तो खोक्यातून पुरता बाहेरही पडला नव्हता, तोच टेबलावरून हाक आली, "या, या! मी प्रिंटर. आपण कोण?"