सगळ्या पानांची एक पत्रावळ

एकदा एका वृद्ध गुरुजींनी डोंगराच्या पायथ्याशी मुलांसाठी निसर्गशाळा काढली. तिथे फळा नव्हता. मुले ओढ्यात उतरून दगडाखालचे खेकडे पाहत, साल चाचपून झाड ओळखत. शाळा नावारूपाला आली, देणग्या येऊ लागल्या, तेव्हा गुरुजींनी कारभार आपल्या आवडत्या शिष्याकडे सोपवला.

शिष्य कर्तबगार होता. त्याने देणगीदार जोडले, इमारत उभी केली. हळूहळू त्याचे वेतनही वाढत गेले. यंदा एका व्यापारी विश्वस्ताने सुचवले, "अहो, मोठ्या संस्थेच्या प्रमुखाला पगारही मोठाच शोभतो." शिष्याला ते पटले. शहरातल्या संस्थांचे प्रमुख याहून जास्तच घेत होते. मात्र तेवढी रक्कम बसवायची, तर मुलांना ओढ्यावर नेणाऱ्या दोन्ही शिक्षकांना निरोप द्यावा लागणार होता. ओढा काय, पडद्यावरही दाखवता येतो, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. तसा ठराव त्याने गुरुजींकडे पाठवला; उद्याच्या बैठकीत अध्यक्ष म्हणून त्यांची संमती तेवढी हवी होती.

आज कार्तिकातले आवळीभोजन होते. मुलांनी सकाळीच रानातून पळसाची पाने आणली. ती बांबूच्या चोयांनी टाचून प्रत्येकाने आपापली पत्रावळ करायची, असा शाळेचा नेम. पण यंदा गुरुजींनी सगळी पाने स्वतःकडे ओढली आणि एकटेच टाचत बसले. कुणाला हात म्हणून लावू देईनात. म्हातारपणाची लहर असेल, असे म्हणून शिष्याने मनावर घेतले नाही.

जेवणाच्या वेळी गुरुजींनी आवळीखाली शिष्यापुढे ती पत्रावळ अंथरली. चांगली चटईएवढी होती! उरलेले एकेक सुटे पान मुलांच्या वाट्याला आले.

"सर, जेवणार की झोपणार हिच्यावर?" एक मुलगी म्हणाली. पंगत खदखदून हसली. शिष्यही हसला.

मग वाढप सुरू झाले. मुलांच्या पानावर भाताचे आळे करायलाही जागा नव्हती. आमटी ओघळली आणि मातीत जिरली. मुले बोटांनी बांध घालू लागली, तरी थांबेना. हसणे विरून गेले.

"गुरुजी, ही कसली थट्टा?" शिष्य हळूच म्हणाला. "एवढी मोठी पत्रावळ मी मागितली होती का?"

गुरुजी म्हणाले, "थट्टा नाही रे. टाचताना दोनदा वाटले, उसवून टाकावी. तुझा अपमान करणारा मी कोण? संस्था चालवणे मला तरी कुठे नीट जमले? तू उपाशी राहावेस असे मी म्हणत नाही. वाढणाऱ्याचे पोट भरलेच पाहिजे, नाहीतर पळी हातातून गळते. पण रानातून आलेली पाने एवढीच होती. तुझे पान केवढे असावे, हे तू शहरातल्या पंगती पाहून ठरवलेस. या पंगतीत कोण बसले आहे, ते पाहायचे राहून गेले. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, त्यांचीच आमटी मातीत गेली. मला एवढेच दिसते. चुकत असेन तर सांग."

अजून हात न लावलेला भात शिष्याने परत पातेल्यात सारला आणि पत्रावळीच्या चोया एकेक करून काढू लागला. मुले भोवती गोळा झाली.

"सर, तुम्हाला येते टाचायला?" त्याच मुलीने विचारले.

"याच आवळीखाली शिकलो," तो म्हणाला. पहिली पत्रावळ वाकडी झाली. मुलांनी तीही चालवून घेतली.

सगळ्यांना वाढून तो शेवटी बसला. त्याच्यासाठी एक बेताची पत्रावळ उरली होती, भाताचे आळे मावेल एवढी.

"उद्या बैठकीत काय सांगू?" गुरुजींनी चाचरत विचारले.

"आधी ओढ्यावर कोण जाणार ते ठरवू, गुरुजी. माझे पान त्यानंतर मांडू."

गुरुजींनी पळी उचलून त्याला आमटी वाढली. ती कुठेही ओघळली नाही.