नगारखान्यासाठी एक शब्द

उदंडराय महाराजांच्या वाढदिवशी त्यांच्या गढीचा नगारखाना पडला. दोष म्हटला तर महाराजांचाच. "आणखी जोरात, आणखी जोरात," असं ते सज्जातून ओरडत राहिले, आणि थोरल्या दरवाजावर त्यांच्या आजोबांनी बांधलेली ती इमारत आधी थरथरली, मग दमलेल्या बैलासारखी खाली बसली. देवाची कृपा, खाली हत्तींच्या वैरणीच्या गाड्या उभ्या होत्या. नगारची मंडळी नगाऱ्यांसकट गवतात पडली. हुकूम अजून मागे घेतलेला नव्हता म्हणून त्यांतल्या एकाने पडल्या पडल्या आणखी दोन टोले हाणले.

नगारखाना होता तसा हवा आणि दसऱ्याच्या आत हवा, असं महाराजांनी फर्मावलं. काम काही अवघड नव्हतं. अवघड होतं ते त्या कामाला काय म्हणायचं हे!

दिवाणजी म्हणाले, दुरुस्ती करून घेऊ. महाराज भडकले. दुरुस्ती बिघडलेल्या वस्तूची होते, आणि आजोबांच्या हातचं काही बिघडत नसतं. दिवाणजींची रवानगी हत्तीखान्यात झाली, शेण उचलायला. शास्त्रीबुवा जीर्णोद्धार म्हणाले. आजोबांचं काम जीर्ण म्हणता, उद्या नातवालाही जख्ख म्हाताराच म्हणाल, असं म्हणून महाराजांनी त्यांनाही तिकडेच धाडलं. शेजारच्या गावचा एक गवंडी डागडुजी म्हणाला, तर महाराजांना त्यातला फक्त डाग ऐकू आला. पुनर्बांधणी म्हणणाऱ्याला उत्तर मिळालं की पुन्हा म्हटलं म्हणजे पहिला पडला हे आलंच. आणि नवाच बांधू म्हणणारा तर हत्तीच्या पायाखालीच जायचा, थोडक्यात वाचला. नवा बांधला तर तो आजोबांचा कसा राहील?

शेवटी पाळी आली देवजी पाथरवटाची. माणूस मुळात घुम्या. त्याने रात्रभर डोकं खाजवून एकच शब्द काढला होता.

"उभारतो," तो म्हणाला.

"म्हणजे आडवा झालाय म्हणतोस?" महाराज गरजले, आणि देवजीही शेणाच्या पाटीखाली गेला. वर हुकूम सुटला: दसऱ्याला नगारखाना जागेवर नसेल, तर सगळ्या पाथरवट आळीने गाव सोडावं. दगड घडवणारे ते, म्हणजे खोळंबाही त्यांचाच.

देवजीची मुलगी ठकू बापाची भाकरी घेऊन हत्तीखान्यात गेली, तर तिथे भलतीच सभा भरलेली. शास्त्रीबुवा नाकाला उपरणं लावून दिवाणजींना सांगत होते की संस्कृतात अजून पुष्कळ शब्द शिल्लक आहेत, आणि दिवाणजी हात जोडून विनवत होते की ते तिथेच राहू द्यावेत. ठकूला हसू फुटलं. पण बापाचे कोपरापर्यंत माखलेले हात दिसले आणि ते हसू मावळलं. तिकडे आळीतल्या बायका गाठोडी बांधायला लागल्या होत्या.

तिने बापाला हळूच सांगितलं की महाराजांना शब्द खुपत नाहीत. दगडांबरोबर आजोबांचं नावही पडलं की काय, ही धास्ती खुपते. मी जाऊन बोलते. देवजी म्हणाला, जाऊ नकोस बाई, इथे आधीच पाट्या कमी आहेत. पण ठकू निघालीसुद्धा होती.

महाराज दरबारात मिशीला पीळ देत बसले होते.

"तू कोणता शब्द आणलास?"

"शब्द नाही, महाराज. अभय दिलंत तर एक विचारायचं आहे."

"दिलं. विचार."

"तुमची मिशी कुणाची?"

वारा घालणाऱ्याचा पंखा जागीच थांबला.

"आमची! आणखी कुणाची?"

"थोरले महाराज गेले तेव्हा दहाव्याला उतरवली होती, तीच का ही?"

महाराजांचा हात मिशीवर थबकला. "ती नदीत गेली."

"मग ही नवी?"

"नवी कशी? पंचक्रोशी हिला ओळखते!"

"मग दुरुस्त केलेली असेल."

"मिशी कोणी दुरुस्त करतं का, पोरी?"

"जुना केस एकही नाही, तरी मिशी तीच. हे कसं, महाराज?"

महाराज विचारात पडले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी छताकडे पाहिलं, दिवाणजींच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि एकदम खुशीत येऊन मांडीवर थाप मारली.

"ओठ आमचा आहे! ओठ तोच, म्हणून मिशी तीच!"

ठकूने हात जोडले. "नगारखान्याचं जोतं जागचं हललेलं नाही, महाराज. ते आजोबांनी घातलेलं आहे. जोतं त्यांचं, म्हणून नगारखाना त्यांचाच. दगड कुणीही रचू दे."

महाराजांनी आवाज उतरवून, जरा लाजतच विचारलं, "पण कुणी पुसलं की तिथे काय चाललंय, तर आम्ही सांगायचं काय?"

"मिशी नव्हती तेव्हा कुणी पुसलं, तर काय सांगत होतात?"

"काय सांगणार? येतेय म्हणायचो."

"मग तेच सांगा, महाराज. नगारखाना येतोय!"

आधी महाराजांची मिशी थरथरली, मग पोट, मग सिंहासन. हसता हसता पगडी कानावर आली. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूच्या हाती दिलं, पाथरवटांना जन्मभराचं अभय दिलं आणि हत्तीखाना मोकळा करण्याचा हुकूम सोडला. दिवाणजी नदीकडे असे पळाले की माहुतालाही धरवले नाहीत. कामावर देवजी आणि देवजीवर देखरेखीला ठकू, असंही तिथल्या तिथे ठरलं.

मुजरा करून ठकू दारापर्यंत पोचली, तेवढ्यात मागून महाराजांची हाक आली. त्यांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी वाहत होतं.

"आणि ऐक गं! दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत!"