तोरणाला टांगलेली थैली

फार पूर्वी शूर्पारक बंदरावर एका न्यायी राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व तिथल्या एका सागरव्यापाऱ्याच्या कुळात जन्मले होते. लोक त्यांना सोमिलश्रेष्ठी म्हणत.

या कुळात एक रीत होती. मूल तेरा वर्षांचं झालं की महिन्याच्या घरखर्चाची थैली त्याच्या हाती द्यायची. तांदूळ, तेल, मीठ, सगळं त्यानंच आणायचं. पैसा कसा टिकवावा हे पोरांना कळावं, एवढाच हेतू. चांगलाच होता हो हेतू! पण अमावास्येआधी थैली रिकामी झाली, तर ती दाराच्या तोरणाला उलटी टांगायची, साऱ्या गल्लीनं पाहावी म्हणून. थोरल्या मुलाची थैली अशीच टांगली गेली होती. तेव्हापासून तो दिसला की पोरं हवेत थैली झटकून दाखवत, आणि तो घराबाहेर पडेनासा झाला. श्रेष्ठींना वाईट वाटलं, पण आजोबांची रीत मोडायची कशी, म्हणून ते गप्प राहिले.

मग धाकट्या तिस्साची पाळी आली. धक्क्यावर कालक नावाच्या नावाड्यानं तिला लाल पोवळी दाखवली. "घेऊन ठेव पोरी, परदेशी जहाजं आली की दुप्पट भाव!" वडिलांना भरलेली थैली दाखवू, या आनंदात तिनं होतं नव्हतं ते देऊन टाकलं. घरी येऊन पोवळी धुतली, तर परातीतलं पाणी लाल झालं आणि हातात हाडाचे पांढरे मणी उरले.

तिस्सानं मणी ओच्यात लपवले. आईला सांगावं? आई वडिलांना सांगेल. दादाला सांगावं? दादा तर कुणाशी बोलतच नसे. डोळ्यांपुढून ते तोरण हलेना. शेवटी ज्यानं फसवलं त्याच्याकडेच पोर रडत गेली.

"अगं, रडतेस काय वेडे! पलीकडच्या बेटावर शिंपले वेचायला माणसं हवीत. हा घे विसार. अमावास्येच्या आत थैली भरून परत. घरी मात्र बोलायचं नाही हं."

त्या नावेतून गेलेलं पोर कधी परतलं नव्हतं.

दुपारी श्रेष्ठी जेवायला आले, तर चूल थंड, तिस्सा घरात नाही आणि परातीत लाल पाणी. अशी रंगवलेली पोवळी बंदरावर एकच माणूस विकतो आणि त्याची नाव भरतीला निघते, हे त्यांना ठाऊक होतं. ते अनवाणी धावत सुटले.

धक्क्यावर नावेचा दोर सुटत होता. आतून पोरांचे हुंदके ऐकू येत होते.

"विसार घेतलाय तिनं," कालक हसला. "विसार घेतला की नावेत चढायचंच, हा बंदराचा नियम मी तुम्हाला सांगायचा? पोर हवी तर मालानं भरलेलं तुमचं जहाज द्या."

"घे. आणि आतली बाकीची पोरं?"

"त्यांचं तुम्हाला काय हो? बरं, कमरेची थैली टाका."

श्रेष्ठींनी थैली तिथेच उलटी केली आणि सगळी पोरं धक्क्यावर उतरवून घेतली.

घरी परतताना तिस्सा वाटेतच थांबली. "बाबा, मारा मला, पण टांगू नका," ती म्हणाली. "नावेत चढताना कालकची भीती नाही वाटली. तुमची वाटली."

हे ऐकून श्रेष्ठी रस्त्यातच खाली बसले आणि रडले.

सकाळी तिस्सानं दार उघडलं आणि ती किंचाळली. तोरणाला थैली उलटी लटकत होती. पण ती तिची नव्हती. वडिलांची मोठी कातडी थैली होती ती. खाली पायरीवर श्रेष्ठी बसले होते आणि गल्ली गोळा झाली होती.

"अमावास्येआधी माझी रिकामी झाली," ते पोरांना म्हणाले. "या, बसा. आयुष्यात मी कुठे कुठे फसलो ते सांगतो. तुम्ही फसाल तेव्हा आधी माझ्याकडे या." थोरला मुलगा कितीतरी दिवसांनी बाहेर आला आणि त्यांच्या शेजारी बसला. श्रेष्ठींनी नवी थैली तिस्साच्या हाती दिली. "जा, मीठ संपलंय."

ही कथा सांगून संपवल्यावर शास्ते, म्हणजे भगवान, भिक्षूंच्या सभेकडे वळले. त्या वेळची तिस्सा म्हणजे आज शेवटच्या ओळीत बसलेली तरुण भिक्षुणी, थोरला मुलगा म्हणजे तिच्यासाठी पाणी आणणारा उपासक, आणि सोमिलश्रेष्ठी मीच होतो, असं त्यांनी सांगितलं. कालक कोण, असं कुणीतरी विचारलं. "तो अजून धक्क्यावरच आहे," शास्ते म्हणाले. "म्हणून लेकरांना थैली देण्याआधी अभय द्या. सर्व दानांत अभयदान मोठं."