विरजणघळ

कारळगावच्या खाली, पायवाट जिथे ओढ्याला मिळते तिथे, डोंगराला एक उभी चीर आहे. तिला विरजणघळ म्हणतात. चैत्रातल्या दुपारीही आत पाऊल टाकलं की दंडावर काटा येतो. आत कातळाच्या फळ्यांवर फडक्यांनी तोंडं बांधलेली मडकी ओळीने मांडलेली असतात. नावावरून पाहुण्यांना वाटतं, दही असेल. फडकं सोडलं की आत पांढरट, लोण्यासारखा मऊ गोळा दिसतो, आणि बोट लावून चाखला की तो मध निघतो. तो ओतायचा नसतो, भाकरीवर बोटाने पसरायचा असतो.

घळीच्या तोंडाशी दगडूआबा बसलेले असतात. मधाचं मडकं दाखवून झालं की ते दुसरी गोष्ट सांगतात, आणि ती ऐकून पाहुणे जास्त चक्रावतात. देवाचा नैवेद्य कुणी आधी चाखत नाही. पण या गावात मोहजाई देवीचा मध देवीच्या आधी गावातली सगळ्यांत नवी सून चाखते. भर देवळात, सगळ्यांच्या देखत.

"असं का?" पाहुणे विचारतात. मग आबा पागोटं काढून मांडीवर ठेवतात आणि सुरुवात करतात.

फार मागे, गावात मोजकीच घरं होती तेव्हा, मधाचा मान रुमाजीच्या घराकडे होता, असं सांगतात. त्याच्या घराच्या मागच्या भिंतीत सात मडकी आडवी पुरलेली होती आणि सातही मडक्यांत सातेरी मधमाश्यांची पोळी होती. मार्गशीर्षातल्या पुनवेला रुमाजीने गडू घेऊन देवळात जायचं आणि देवीच्या मस्तकावर मधाची धार धरायची. ती मस्तकापासून पायापर्यंत न तुटता उतरली की देवी पावली, असं समजायचं.

त्या वर्षी वैशाखात रुमाजीच्या घरात सून आली. गोजरा तिचं नाव. माहेर घाटावरच्या गवळ्यांचं. दुधातलं सगळं कळायचं, मधातलं काही नाही. बोलायची कमी. पहिल्या महिन्यातच पाणवठ्यावर बायका एकमेकींना विचारू लागल्या, "कोंडाईनं मुकी आणली की काय?" कोंडाई म्हणजे तिची सासू. ती म्हणायची, "मुकी कुठली, साठवतीय." गोजराचा नवरा भिवा. या गोष्टीत त्याला फारसं काम नाही, पण मडकं वाहून नेलं ते त्यानंच.

गोजरा बोलायची नाही, पण बघायची मात्र सगळं. सासरा भिंतीला कान लावून माश्यांचा आवाज ऐकायचा आणि कुठल्या मडक्यात राणी बदलली ते सांगायचा, हे तिनं पाहिलं. पाटील चौकात येताना आधी खाकरतात आणि मग येतात, हेही पाहिलं. रुमाजी तिला रोज सकाळी एकच प्रश्न विचारायचा, "जेवलीस का गं, पोरी?" सकाळी कोण जेवतं! पण घरात आपल्याविषयी नव्हे, आपल्याशीच बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, म्हणून ती रोज "हो" म्हणायची.

ती आली त्याच आठवड्यात गारा पडल्या आणि जांभळाचा मोहर झडला. सून आली आणि गारा आल्या, हे एक-दोघींनी जोडूनही पाहिलं. दरवर्षी देवीला जांभळाचा मध जायचा. तो पातळ, काळसर, वर्षभर वाहता राहणारा. त्या वर्षी तो मिळालाच नाही. पुढे आश्विनात उतारावर कारळे फुलले, सगळा डोंगर पिवळा झाला आणि माश्यांनी नुसता कारळ्याचा मध आणून भरला. रुमाजीने तोच काढून देवीसाठी ठेवला. मार्गशीर्षात थंडी कडक पडली.

पुनवेला देवळात गाव जमलं. रुमाजीने गडू तिरपा केला. धार पडेना. आणखी तिरपा केला, हलवला, तेव्हा आतून पांढुरका, रवाळ गोळा सुटला आणि देवीच्या खांद्यावर आदळून खाली फरशीवर पडला.

कुणी हसलं नाही. मग मागून आवाज आला, "हे तर खडे हैत. गूळ घातलाय."

"रुमाजी, गूळ?" पाटलांनी विचारलं.

"मोहजाईची आण, पाटील. मडक्यातून काढला तसा आणलाय."

गुळाचा आहे की मधाचा, हे जिभेला विचारलं असतं तर तिथंच कळलं असतं. पण देवीने स्वीकारल्याशिवाय तो मध कुणी तोंडाला लावायचा नाही, असा नियम होता. रुमाजीनेही तो कधी मोडला नव्हता. देवीसाठी काढलेल्या मधाचा थेंब त्यानं कधी चाखला नव्हता. तेव्हा सगळं गाव मधाकडे नुसतं बघत राहिलं आणि बघूनच न्याय झाला. पाटील म्हणाले, "पुढच्या पुनवेला पुन्हा धार धर. देवीनं घेतला तर मान तुझा. नाही घेतला तर भिंतीतली मडकी फोडायची."

पौषात उठवलेलं पोळं जगत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रुमाजीने देवीच्या पायरीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तोवर माझ्या जिभेला मीठ लागणार नाही."

गाव निघून गेलं. नव्या सुनेला बोलायला कुणी सांगत नसे, पण फरशी पुसायला सांगत. गोजरा ओल्या फडक्याने तो गोळा टिपून घेत होती. बोटाला लागला. देऊळ रिकामं होतं. तिनं बोट तोंडात घातलं.

आधी जिभेला कणी लागली, मग ती विरघळली आणि घशाशी कारळ्याच्या फुलाचा वास आला. गूळ नव्हता. नावालाही नव्हता.

आता हे सांगायचं कुणाला? सांगायचं म्हणजे देवीचा मध देवीआधी उष्टावला, हे कबूल करायचं. माहेरी परत धाडतील, त्याहून वाईट म्हणजे सासऱ्याच्या माथी आणखी एक पाप येईल. ती गप्प बसली. गप्प बसणं तिला नेहमी सोपं जायचं. त्या वेळी ते पहिल्यांदाच जड गेलं, म्हणे.

घरात मध पातळ करायची खटपट सुरू झाली. कोंडाईने काढलेल्या मधाचं एक मडकं चुलीवर चढवलं. मध पातळ झाला, पण काळा पडला आणि त्याला करपलेला वास आला. शेजारच्या बायका म्हणाल्या, "आता तर काकवीच झाली." दुसरं मडकं निखाऱ्यावर दुरून शेकलं. तो पातळ झाला आणि आठ दिवसांत पुन्हा थिजला, आधीपेक्षा जाड खड्यांनी. रुमाजी अळणी भाकरी पाण्यात बुडवून खायचा. त्याचा गळा बारीक दिसू लागला. सकाळी मात्र विचारायचा, "जेवलीस का गं, पोरी?" आणि गोजराच्या तोंडून "हो" निघेना.

एक दिवस कोंडाईला खोकला झाला. तिनं घरखर्चाला ठेवलेल्या, थिजलेल्या मधाचा खडा पाट्यावर घेऊन वरवंट्यानं आल्याबरोबर वाटला. आलं संपलं तरी मध उरला, म्हणून तो तिनं तसाच आणखी रगडला. पाटा धुवायला गोजरा बसली आणि थांबली. वरवंट्याखालचा मध खड्यांचा राहिला नव्हता. लोणी झाला होता.

तिनं चमच्यानं तो खरवडून वाटीत घेतला. दोन दिवस वाटी कोनाड्यात ठेवली. त्याचे पुन्हा खडे झाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ती सासूपुढं उभी राहिली. "आत्याबाई, मी विरजण लावू का?"

"दूध कुठाय?"

"दुधाला नव्हं. मधाला."

कोंडाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आठ महिन्यांत तोंड उघडलंस ते यासाठी? उद्या पाण्यातनं लोणी काढशील."

"दही कसं लागतं ते विरजणावर असतं," गोजरा म्हणाली. "विरजण आंबट तर दही आंबट. मध थिजणार तो थिजणारच, आत्याबाई. त्याला आपण अडवतोय, म्हणून तो मनाला येईल तसा थिजतोय. त्याला बारीक विरजण दिलं तर बारीक थिजेल."

कोंडाई खोकली. मग म्हणाली, "एकच मडकं घे. बिघडलं तर मला सांगू नकोस, तुझ्या सासऱ्यालाही नको."

गोजराने चूल वापरली नाही. मडकं काळ्या घोंगडीत गुंडाळून चार दिवस उन्हात ठेवलं, तेव्हा कुठं मध सैल झाला, आणि वासही राहिला. रात्रभर तो निवू दिला. मग उरलेले खडे पाट्यावर रगडून रगडून त्याचा लोण्यासारखा गोळा केला आणि दहा वाट्या मधाला एक वाटी या मापाने त्यात मिसळला. भिवाने मडकं खांद्यावर घेऊन घळीत नेलं, कारण घरात दिवसा ऊब आणि रात्री गारठा असायचा, आणि घळीत रात्रंदिवस एकच गारवा.

पहिल्या संध्याकाळी ती चुकली. गवळ्याची पोर, हातात रवी; तिनं ताक घुसळावं तसा मध घुसळला आणि वर बोटभर फेस आला. घाबरून ती तिथंच बसली. फेस काढून टाकला, रवी घरी ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून लाकडी उलथनं घेऊन आली. तळापासून वर, हळू, कडेकडेनं, दिवसातून दोनदा. तिसऱ्या दिवशी मध गढूळला. पाचव्या दिवशी सायीसारखा झाला. नवव्या दिवशी उलथन्याची खूण त्यात तशीच राहिली. तिनं तो चाखला नाही, असं आबा शपथेवर सांगतात. पाहुणे हसतात.

पौषातली पुनव आली. घळीतल्या मधाने भरलेला गडू रुमाजीने दोन्ही हातांनी धरला होता. अळणी खाऊन त्याच्यात ताकद उरली नव्हती. त्यानं गडू तिरपा केला.

धार पडली नाही.

कशी पडणार? इतका नीट लागलेला मध ओघळत नाही. गडूच्या काठाशी तो जाडसर फुगून आला आणि थांबला. घळीत मांडी घालून बसलेल्या गोजराच्या मनात हे नऊ दिवसांत एकदाही आलं नव्हतं. तिनं मध सुधारला होता. धार तिच्या ध्यानातच नव्हती.

"आता तर पीठ घातलंय," मागून कुणीतरी म्हणालं. पाटील खाकरले. "चला, कुदळ आणा."

तेव्हा गोजरा बायकांच्या रांगेतून पुढे आली.

"गूळ नाही, पीठ नाही," ती म्हणाली. "मध आहे. मी चाखलाय. मागच्या पुनवेला, इथली फरशी पुसताना."

कोंडाईने डोक्यावरचा पदर तोंडाशी धरला.

"देवीच्या आधी?" पाटलांनी विचारलं.

"देवीच्या आधी. त्याची शिक्षा मला द्या. पण पाटील, तुम्ही न चाखता सांगताय आणि मी चाखून सांगतीय. मडकी फोडायची तर आधी मला खोटं पाडा, मग फोडा." एवढं बोलून तिनं सासऱ्याच्या हातातला गडू घेतला, मध तळहातावर काढला आणि देवीच्या मस्तकापासून पायापर्यंत लेप दिला. धारेने जेवढं अंग भिजायचं तेवढं तिनं हातानं माखलं.

गोंधळ उठला. तो शांत करायला लखू गुरव पुढं झाला. "कौल लावू," तो म्हणाला. देवीच्या दोन खांद्यांवर दोन फुलं लावायची; उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार, हा कौल. गुरवाने दोन फुलं घेतली, देवीकडे पाहिलं, रुमाजीच्या बारीक झालेल्या गळ्याकडे पाहिलं आणि दोन्ही फुलं खांद्यांवरच्या लेपात दाबून लावली.

गाव बघत बसलं. सकाळ गेली. उन्हं पायरीवर आली. उजवं पडेना, डावं पडेना. पाटलांना भूक लागली. दिवस कलला तरी फुलं जागची हलली नाहीत.

"हे काय समजायचं?" पाटलांनी विचारलं.

"देवीनं धरून ठेवलीत," गुरव म्हणाला. "ती सोडत नाही. तुम्हाला वाटलं तर तुम्ही ओढून काढा. माझा हात चालणार नाही."

मधात दाबलेलं फूल पडतं कुठं! पण हे तेव्हा कुणी म्हणालं नाही. ज्याला ठाऊक होतं, त्यानंच तर लावलं होतं.

पाटलांनी कुदळ परत पाठवली. जाता जाता म्हणाले, "पण पोरीनं उष्टावलं, त्याचं काय?"

तेव्हा महिनाभर जेमतेम बोललेला रुमाजी बोलला. "त्याची शिक्षा माझ्या घरची, पाटील, मीच सांगतो. इथून पुढं दरवर्षी हिनंच आधी चाखायचं. खोटं असेल तर पहिलं हिच्या जिभेला लागू दे. हिच्या मागून गावात जी नवी सून येईल, तिनं." मग त्यानं हात पुढं केला. गोजराच्या तळहाताला अजून मध होता. त्यानं तो बोटावर घेऊन चाखला, डोळे मिटले आणि कोंडाईला म्हणाला, "आता भाकरी दे. मीठ घालून."

ही शिक्षा गाव आजवर भोगतंय. आजही कारळगावात प्रत्येक घर गेल्या वर्षीच्या मधातली एक वाटी विरजणाला राखतं, आणि आजही मार्गशीर्षात नवी सून देवीपुढं बोट मधात बुडवते. ती काय म्हणते याची पाटलापासून गुरवापर्यंत सगळे उभ्यानं वाट पाहतात. एका वर्षी एकीनं सांगितलं, "कणी लागतेय," तर देवीला आठ दिवस थांबावं लागलं होतं. तीन वर्षांपूर्वी खालच्या गावाहून आलेली सून बोट चाखून गप्पच राहिली आणि तिनं पुन्हा बोट बुडवलं.

"काय गं, खोटा आहे का?" गुरवानं घाबरून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण विचारताय तर नीट सांगावं म्हणते."